जिचा पदर, तिचा हात

प्रयागअक्कांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा त्यांना माझं तोंड दिसलं नाही आणि मला त्यांचे फक्त पाय दिसले.

पंचायतीच्या कार्यालयात नव्या सदस्यांची पहिली बैठक होती. मी बायकांच्या राखीव जागेवरून निवडून आले होते. म्हणजे सासऱ्यांनी मला उभं केलं होतं आणि लोकांनी सासऱ्यांकडं बघून मतं दिली होती. पदर हनुवटीपर्यंत ओढून, सासऱ्यांच्या वहाणांच्या मागं मागं मी तिथवर पोचले. पदराखालून जेवढी फरशी दिसेल तेवढीच मला दिसत होती. त्या फरशीवर दोन पाय येऊन थांबले. भेगाळलेल्या टाचा, रबरी चपला, वर सुती लुगड्याचा जांभळा काठ.

“नाव काय तुमचं?”

“महादेवी सरगर. माझी सून हाय,” सासरे म्हणाले.

“अप्पा, तुमची सून हाय ते मला ठाऊक हाय. मी ह्यांना विचारायलेय.”

ते पाय काही हलेनात. शेवटी मी माझं नाव सांगितलं. लग्न होऊन या गावात आल्यापासून परक्या माणसांत मी स्वतःचं नाव घेतलं, ते त्या दिवशी पहिल्यांदा. “या महादेवीबाई, माझ्या शेजारी बसा,” असं म्हणून अक्कांनी स्वतः खुर्ची ओढून दिली. पुढची सगळी वर्षं माझी जागा तीच राहिली.

आदरणीय प्रयागबाई जगताप, आम्हा सगळ्यांच्या अक्का, यंदा पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी मोठमोठ्या मंडळींनी लेख दिले आहेत. मला गौरवसमितीनं सांगितलं, तुम्ही पंचायतीतल्या अक्कांविषयी लिहा. मी शिकलेली नाही असं म्हणून सुटायला बघितलं, पण दहावीची परीक्षा संसाराच्या वयात मला अक्कांनीच द्यायला लावली होती. त्यामुळं तीही पळवाट बंद होती.

बाहेरच्या वाचकांसाठी गावाविषयी थोडं सांगते. कर्नाटकातल्या आळंद तालुक्यात, खजुरीच्या बाजूला, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून आमचं गाव. आमच्याकडं ठराव कन्नडमध्ये लिहिले जातात, भांडणं मराठीत होतात आणि समेट बहुतेक वेळा दखनी उर्दूत होतो. त्या काळात पुण्याकडं इमारतींची कामं जोरात निघाली होती. तुरीच्या राशी झाल्या की तरणे पुरुष वळकट्या बांधून निघायचे, ते पेरणीला परत यायचे. कुणी कुणी यायचेही नाहीत. गावात उरायचे म्हातारे, लेकरं आणि बाया. रेशनच्या रांगेत बाई, दवाखान्यात बाई, बँकेच्या दारात बाई. बाहेरची सगळी कामं बाईच्या अंगावर आली आणि बाईनं बाहेर दिसू नये ही रीत मात्र तशीच राहिली.

आमच्यात मूळचा गोषा नव्हता. मेंढरांमागं रानोमाळ फिरणाऱ्या बाईनं तोंड झाकून कसं चालावं? माझ्या आईनं आयुष्यात कधी पदर कपाळाच्या खाली आणला नाही. पण माझ्या सासऱ्यांनी मेंढरं विकून जमीन घेतली, गावच्या बैठकीत त्यांना जागा मिळाली, आणि जमिनीबरोबर मोठ्या घरांची रीतही घरात आली. मी त्या घरची पहिली सून. ती रीत पहिल्यांदा माझ्या डोक्यावर आली.

अक्कांच्या दुसऱ्या बाजूला खैरूनबी बसायच्या. त्याही राखीव जागेवरूनच आलेल्या. त्यांच्या मालकांचं बसस्टँडसमोर शिलाईचं दुकान. खैरूनबी काळा बुरखा घालायच्या, तोंडावर नकाब, फक्त डोळे उघडे. मी त्यांना डोळ्यांवरून ओळखायचे, त्या मला बांगड्यांवरून. आम्हा दोघींच्या मध्ये, अध्यक्षांच्या खुर्चीत, अक्का बसायच्या, डोक्यावरचा पदर अंबाड्यापर्यंत मागं सरलेला, चष्मा नाकावर, आणि उन्हानं रापलेलं तोंड सगळ्या गावाला उघडं.

पंचायतीत येण्याआधी मराठी शाळेत मुख्याध्यापिका म्हणून अक्कांनी जे काम केलं, त्यावर इतरांनी लिहिलं असेलच. मी एकच गोष्ट सांगते. मुलगी मोठी झाली की तिला शाळेतून काढायची पद्धत होती. अशा घरी अक्का आपण होऊन जायच्या, ओट्यावर बसून चहा मागायच्या, आणि चहा समोर आला की म्हणायच्या, “पोरगी उद्या शाळेत आली की पिते.” कप तिथंच ठेवून निघून जायच्या. आलेलं माणूस चहा न पिता गेलं, ही गोष्ट आमच्याकडं घराला लागते. बहुतेक पोरी परत यायच्या. एका घरानं मात्र आठवडाभर दाद दिली नाही, तर अक्का रोज जाऊन रोज चहा मागत राहिल्या. शेवटी त्या घरची म्हातारीच वैतागून म्हणाली, “पाठवा रे तिला. साखर संपायली.”

शाळेच्या गॅदरिंगमध्ये, गणपतीत, हळदीकुंकवात, जिथं बोलायला मिळेल तिथं अक्का गोष्याविरुद्ध बोलायच्या. “बाईचं तोंड काय चोरीचा माल हाय का, झाकून न्यायला?” हे त्यांचं वाक्य गावात पोरासोरांना पाठ होतं. हे आधी सांगते, कारण पुढं जे घडलं ते यामुळंच कुणाला पटकन उमगलं नाही.

त्याआधी अक्कांच्या मायेविषयी लिहायला हवं. माझे मालक पुण्यात बांधकामावरून पडले. निरोप आला तेव्हा सासऱ्यांना ताप भरला होता. अक्का पिशवी घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. “चल. मी येते.” मी गुलबर्ग्याच्या पुढं कधी गेले नव्हते. पुण्यात सरकारी दवाखान्यात जिने चढता-उतरता माझा पदर पायात यायचा, पाट्या दिसायच्या नाहीत, कुठल्या खाटेवर आपला माणूस आहे ते कळायचं नाही. अक्का माझा हात धरून चालत राहिल्या. त्यांनी एकदाही “पदर वर घे” म्हटलं नाही. मला तेव्हा याचं नवल वाटलं होतं. गावात भाषणं करणारी बाई इथं का बोलत नाही?

रस्त्यावर बघते तर गाड्यांवरच्या सगळ्या पोरी तोंडाला ओढणी घट्ट बांधून चाललेल्या. फक्त डोळे उघडे. मी अक्कांना विचारलं, “अक्का, हितं बी गोषा हाय?” अक्का भर रस्त्यात इतक्या हसल्या, की त्यांना डोळे पुसावे लागले. “धूळ हाय बाई, ऊन हाय. आन् कुणी ओळखू नये असं बी असंल. ज्याचं त्याला ठाऊक.” मालक बरे झाले, पाय थोडा अधू राहिला. दवाखान्यातले ते सगळे दिवस अक्का एका लाकडी बाकावर झोपल्या. हे त्यांनी गावात कुणाला सांगितलं नाही, म्हणून मी इथं सांगते.

आता त्या ठरावाविषयी.

आमच्या आठवडी बाजारात उपाध्यक्ष शिवराजअप्पांच्या आईच्या गळ्यातली बोरमाळ गेली. म्हातारी सांगत होती, काळ्या बुरख्यातली एक बाई अंगाला घासून गेली. चोर सापडला नाही. त्यातच निवडणुकीत बुरख्याआडून खोटी मतं पडली, अशी कुजबुज आधीपासून होती. टीव्हीवर त्या दिवसांत परदेशातल्या बुरखाबंदीच्या चर्चा रोज चालायच्या. चहाच्या दुकानात बसलेली माणसं तिकडच्या देशांची नावं अशी घ्यायची, की जणू ते देश शेजारच्या मादन हिप्परग्याच्या पलीकडंच आहेत. अशा वेळी तालुक्याचे एक पुढारी जीप घेऊन गावात आले. त्यांचं नाव लिहिण्याचं कारण नाही. पारावर बसून ते म्हणाले, “तोंड झाकून सरकारी जागेत यायला बंदी, असा ठराव करणारं पहिलं गाव तुमचं होऊ द्या. पाण्याच्या टाकीचं मग माझ्याकडं लागलं.”

टाकी हा शब्द ऐकल्यावर गाव एक झालं. आमच्या बाया मैलभरावरून पाणी आणायच्या. शिवराजअप्पांनी ठराव तयार केला: पंचायत, रेशन दुकान, दवाखाना आणि बाजार, या ठिकाणी कुणीही तोंड झाकून येऊ नये. शिवराजअप्पा वाईट माणूस नव्हते, आजही नाहीत. आईची बोरमाळ गेल्याचा राग होता आणि टाकी आणल्याचं श्रेय हवं होतं. माणसाला दोन्ही असू शकतं. अध्यक्षा म्हणून अक्का पाठिंबा देतीलच, असं ते धरून चालले होते. अक्कांनी आयुष्यभर दुसरं काय सांगितलं होतं?

अक्कांनी ठराव वाचला आणि म्हणाल्या, “मी ह्याच्या विरोधात हाय.”

पंचायतीचे सेक्रेटरी समंजस गृहस्थ होते. त्यांनी अक्कांना बाजूला घेऊन समजावलं. “अक्का, असा ठराव करायचा आपल्याला अधिकारच न्हाई. पास होऊ द्या. वर गेला की आपोआप पडंल. तुमी कशाला वाईटपणा घेता?”

“वर पडंल तवा पडंल,” अक्का म्हणाल्या. “तंवर खाली बाया घरात बसतील, त्यांचं काय?”

खरं सांगायचं तर, ठराव व्हावा असं मला मनातून वाटत होतं. सरकारचाच हुकूम आला म्हटल्यावर सासऱ्यांना काही बोलता आलं नसतं. माझा पदर भांडण न करता वर गेला असता. अक्कांच्या परसात शेंगा फोडत बसलो होतो, घराबाहेर असल्यानं माझा पदर तिथंही हनुवटीपर्यंत होता, तेव्हा मी त्यांना हे बोलून दाखवलं. “अक्का, झाला ठराव तर बरंच हाय की. मी सुटंन.”

अक्का रागावल्या नाहीत. मग त्यांनी मला त्यांच्या नोकरीच्या पहिल्या दिवसाची हकीकत सांगितली. ती त्यांनी तोवर कुणाला सांगितली नव्हती. आता ती लिहायची परवानगी मी त्यांच्याकडून घेतली आहे.

अक्का सासरी गोष्यातच होत्या. मास्तरीण म्हणून नेमणूक झाली तेव्हा मोठ्या मुश्किलीनं घरच्यांनी जाऊ दिलं, तेही पदर ओढून जायचं या अटीवर. वाटेत अक्कांनी मनाशी ठरवलं, वर्गात पाय ठेवला की मी आपल्या हातानं पदर मागं घेणार. रात्रभर त्यांनी त्या एका क्षणाचा विचार केला होता. पण दारातच त्या शाळेचे हेडमास्तर उभे होते. सुधारक विचारांचा, भला माणूस. ते हसत पुढं आले, म्हणाले, “बाई, शाळेत हे चालायचं नाही,” आणि सगळ्या पोरांसमोर त्यांनी अक्कांच्या डोक्यावरचा पदर चिमटीत धरून मागं टाकला.

“पोरं हसली,” अक्का म्हणाल्या. “त्या माणसाच्या मनात काही वाईट नव्हतं, महादेवी. तो चांगलंच करायला गेला. पण मला वाटलं, भर वर्गात कुणी तरी माझी लाज काढली. दुसऱ्या दिवशी मी पदर आणखी खाली ओढून गेले. तो पदर माझ्या हातानं मागं घ्यायला मला त्याच्यानंतर दोन पावसाळे लागले. मी त्याच दिवशी घेणार होते. तो दिवस त्यांनी माझ्याकडून नेला.”

मग शेंगांचं सूप बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, “ठराव झाला तर तू सुटशील, खरं हाय. पण खैरूनबी अडकंल. चल, आपण बायांनाच विचारून येऊ.”

खैरूनबींना बरोबर घेऊन पुढचे कितीतरी दिवस आम्ही तिघी घरोघर फिरलो. मुसलमान गल्लीत, पाटलांच्या आळीत, आमच्या वस्तीवर, वाड्यात, झोपडीत. अक्कांचा प्रश्न एकच असायचा. “असा ठराव झाला तर तू काय करशील?” त्या कुणाला काही शिकवायच्या नाहीत, उत्तर ऐकून उठायच्या. काही पोरी म्हणाल्या, होऊ द्या की, आम्हाला बी मोकळं व्हायचंय. अक्कांनी त्यांचंही तेवढ्याच मनानं ऐकून घेतलं. पण एका मागून एक घरात आम्हाला दुसरंच उत्तर मिळालं. एका बाईचा नवरा आखातात होता, घरात दीर आणि सासू. ती चुलीपुढून म्हणाली, “मी कशाला येते मग? रेशनला सलमा जाईल, दवाखान्यात बी सलमाच जाईल.” सलमा तिची लेक, सातवीत शिकणारी. पाटलांच्या आळीतली एक सून म्हणाली, “मामंजी मला उघड्या तोंडानं न्हाई जाऊ देणार. माझ्या नणंदेला पाठवतील, शाळा बुडवून.” अक्का त्या घरातून बाहेर पडल्या तेव्हा त्यांचं तोंड उतरलेलं होतं. पोरींना शाळेत आणण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांना तो ठराव कुठं जाऊन लागणार हे आता दिसलं होतं.

बैठकीच्या दिवशी कार्यालयाच्या खिडक्यांना माणसं लटकली होती. दारात पुढं माझे सासरे उभे होते, शिवराजअप्पांच्या गटाकडून. सेक्रेटरींनी ठराव कन्नडमध्ये वाचला, मग मराठीत सांगितला.

शिवराजअप्पा उभे राहिले. आवाज चढलेला नव्हता, उलट दुखावलेला होता. “अक्का, तुमी माझ्या शिक्षिका. गोषा मोडा, गोषा मोडा, तुमच्याच तोंडून ऐकत मी मोठा झालो. आज मोडायलोय तर तुमीच आडव्या यायलाव. कामून?”

“अप्पा, मी ‘मोडा’ म्हणत आले,” अक्का म्हणाल्या. “ते बायांना म्हणत आले. तुमाला कधी म्हणले न्हाई की जाऊन त्यांचा मोडून या.”

मागून कुणी तरी ओरडलं, “शब्दांचा खेळ करू नका, अक्का!”

“खेळ न्हाई बाळा. बाईनं आपला पदर आपल्या हातानं सारला तर लोक त्याला हिंमत म्हणतेत. तिच्या पदराला दुसऱ्यानं हात घातला तर त्याला काय म्हणतेत, ते तुझ्या आईला जाऊन विचार.”

तेवढ्यात एक तरुण सदस्य म्हणाला, “पदराचं कुठं काढायलाव तुमी? पदर ही आपली मर्यादा हाय. ठराव बुरख्याचा हाय.” सेक्रेटरी हळूच म्हणाले, “ठरावात ‘तोंड झाकून’ असंच हाय.” सगळ्यांच्या नजरा माझ्याकडं वळल्या आणि माझ्याकडून दारातल्या सासऱ्यांकडं. ज्या ठरावाला ते टाळ्या वाजवायला आले होते, तो त्यांच्याच सुनेच्या डोक्याला लागत होता. कुणी म्हणालं, मग बुरखा असं स्पष्ट लिहा. कुणी म्हणालं, लावायचा तर दोघींना लावा. गोंधळ माजला.

त्या क्षणी अक्कांना वाद जिंकणं सोपं होतं. माझ्याकडं बोट करून “आधी ह्यांच्यापासून सुरू करा” एवढं म्हटलं असतं, तर समोरचा गट फुटला असता. सेक्रेटरींनी तसं खुणावलंही. अक्का म्हणाल्या, “न्हाई. एकीला वाचवायला मी दुसरीला पुढं ढकलणार न्हाई. हे कुणालाच लावायचं न्हाई.” अक्कांची न्यायबुद्धी कशी आहे, असं मला कुणी विचारलं तर मी हे वाक्य सांगते.

मग खैरूनबी उठल्या. “मेरेकू बोलना है,” त्या आधी दखनीत म्हणाल्या, आणि मग मराठीत बोलल्या. “अप्पा, आईची बोरमाळ गेली, मला लई वाईट वाटलं. त्यांनी माझ्या लेकीला न्हाऊ घातलंय. पण एक ऐका. घरचे म्हणले, बुरखा घालून जातीस तर जा पंचायतीत. तुमी म्हणायलाव, बुरखा काढून येतीस तर ये. दोघांच्या मधी मी कुठं जाऊ? घरातच न्हवं?” नकाबातून आवाज दबका येत होता, पण खिडकीतल्या माणसांनाही तो ऐकू गेला.

त्यानंतर मी कशी उभी राहिले, ते मला आजही नीट सांगता येत नाही. पदर तोंडावरच होता. सभेत मी तोवर एक शब्द बोलले नव्हते. मी म्हणाले, “आमी घरोघर फिरलाव. ठराव झाला म्हणून बाया तोंड उघडून येणार न्हाईत. त्या पोरींना पाठवतील, शाळा सोडून. पुण्यात मी बघितलं, शिकलेल्या पोरी तोंड बांधून गाड्या चालवतेत, त्यांना कोण विचारत न्हाई. आमालाच कामून?” कुणी तरी हसलं, पण ते हसू वाईट नव्हतं. मी पुढं म्हणाले, “मला हा पदर नको झालाय. पण तो ठरावानं जाऊ नये.” आणि मी खाली बसले. अक्कांनी टेबलाखाली माझा हात धरला.

हात वर करून मतं घेतली. राखीव जागांवरच्या आम्ही सगळ्या बाया एका बाजूला झालो आणि शिवराजअप्पांच्या गटातला एक म्हातारा सदस्यही आमच्याकडं आला. एका हाताच्या फरकानं ठराव पडला.

अक्का एवढ्यावर थांबल्या नाहीत. बोरमाळ खरोखर गेली होती, मतांची शंकाही खोटी नसेल, हे त्या जाणून होत्या. त्याच बैठकीत त्यांनी दुसरा ठराव मांडला. जिथं ओळख पटवायची गरज आहे, तिथं आतल्या खोलीत एक बाई बसवावी आणि बाईनं बाईची ओळख पटवावी. निवडणुकीतही तशी सोय व्हावी म्हणून वर कळवावं. या ठरावाला अनुमोदन कुणी दिलं असेल? शिवराजअप्पांनी. तोंड वाकडं करून, पण दिलं.

याची किंमत मात्र अक्कांना मोजावी लागली. पुढारी चिडले, टाकी लांबली. विहिरीवर एक बाई अक्कांना तोंडावर म्हणाली, “तुमच्या बुरख्यापायी आमच्या डोक्यावर घागर आली.” तिच्या डोक्यावरची घागर अक्कांनी आपल्या कमरेवर घेतली आणि तिच्या घरापर्यंत नेऊन ठेवली. काही महिन्यांनी अविश्वासाचा ठराव आला आणि अक्कांचं अध्यक्षपद गेलं. शिवराजअप्पा अध्यक्ष झाले. पुढच्या बैठकीला अक्का सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या होत्या, साध्या सदस्याच्या खुर्चीत. शिवराजअप्पा आत आले आणि दारातच अडखळले. “बसा अध्यक्ष,” अक्का म्हणाल्या. “टाकीचं बोलू.” त्या टाकीसाठी दोघांनी मिळून गुलबर्ग्याच्या ऑफिसांत किती खेपा घातल्या, ते त्यांनाच ठाऊक. टाकी उशिरा आली, पण आली. आणि रेशन दुकानाच्या आतल्या खोलीतली बाई शिवराजअप्पांनी काढली नाही. या गौरवसमितीचे अध्यक्ष तेच आहेत, हे वाचून बाहेरच्यांना नवल वाटेल. आम्हाला वाटत नाही.

माझ्या पदराचं काय झालं, असं पुष्कळ जणी विचारतात. फार मोठं काही घडलं नाही. त्या बैठकीनंतर सासरे काही दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग ग्रामसभेत मी वस्तीच्या रस्त्याविषयी बोलत होते, आणि सासऱ्यांना अलीकडं कमी ऐकू यायचं. ते पुढच्या रांगेतून म्हणाले, “मोठ्यानं बोल की माय, काही उमगंना.” मी मोठ्यानं बोलले. घरी आल्यावर ते म्हणाले, “रस्त्याचं बरं बोललीस.” आणखी काही महिने गेले. एका सकाळी घरातून निघताना मी पदर डोक्यावर घेतला आणि तिथंच राहू दिला. सासरे ओट्यावर दात घासत होते. त्यांनी बघितलं आणि चूळ भरायला तोंड फिरवलं. कार्यालयात कुणाच्या लक्षातही आलं नाही. अक्कांनी मात्र चष्मा काढला, पुसला, परत घातला, माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाल्या, “तुझ्या हनुवटीवर गोंदण हाय, मला ठाऊकच नव्हतं.”

खैरूनबींनी नकाब काढला नाही. आज त्या गावातल्या बचत गटांच्या अध्यक्षा आहेत, बँकेच्या साहेबांशी नकाबातूनच हुज्जत घालतात आणि जिंकतात. अक्कांनी आमच्या दोघींत कधी डावं-उजवं केलं नाही. एकदा कुणी तरी त्यांना म्हणालं, महादेवीबाई सुधारल्या, खैरूनबी न्हाई सुधारल्या. अक्का त्यावर इतक्या तापल्या, की त्या माणसाला चहा अर्धा टाकून उठावं लागलं. हो, अक्कांना राग येतो. गौरवग्रंथात एवढं खरं असायला हरकत नाही. उशिरा येणाऱ्यांवर येतो, पाया पडणाऱ्यांवर येतो, आणि बायकांच्या वतीनं बोलणाऱ्या पुरुषांवर तर फारच येतो.

अक्का, तुमचे गुडघे आता कुरकुर करतात. सोलापूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय, आणि तुम्ही ज्वारी निघाल्यावर बघू म्हणता, ज्वारी निघाली की तुरीचं नाव काढता. हे आता आम्ही चालू देणार नाही. ऑपरेशन करून घ्या. तुम्हाला भरपूर आयुष्य लाभो, डोळे असेच तेज राहोत, राग असाच ताजा राहो, असं आम्ही सगळ्या जणी मागतो. आणि यात आमचा स्वार्थही आहे. पुढच्या निवडणुकीला गावातल्या तीन पोरींनी उभं राहायचं ठरवलंय. राखीव नव्हे, खुल्या जागांवर. घरच्यांना अजून सांगितलेलं नाही. त्यांच्या ओट्यांवर जाऊन चहा मागायला कुणी तरी लागणार आहे.